जिना

नवव्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी
पुन्हा तिच्या खुराच्या बेचक्यात चिमटा लावला.
कान हलला. शेपटीचं टोक हललं. डोळा माझ्याकडे वळला.
पाय तेवढा
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडून होता.

व्यायल्यावर तिसऱ्या तासाला घसरली,
धुतलेल्या कोब्यावर.
कोबा मीच धुतला होता.
हे कुणी बोललं नाही,
हैबतीसुद्धा नाही, जो एरवी काही बोलायचं सोडत नाही.

नऊ दिवस उचलत होतो.
पलूसच्या गॅरेजातला चेनब्लॉक, कमरेला पट्टे,
खाली पाचट, वर वाळू, वर पोती.
दर चार तासांनी कूस बदलायची, रात्री दोनलाही,
पाचशे किलोची कूस.
पट्टे ढिले केले की ती परत खाली.
पाचव्या दिवशी मांडीला जखम. सातव्या दिवशी वास.

एका रात्री टेम्पोवाला येऊन गेला.
म्हणाला, ओढून घेतो आम्ही, तुम्ही लाईट तेवढी घालवा.
आकडाही सांगितला.
मी लाईट सकाळपर्यंत चालू ठेवली.

रावसाहेबमामा म्हणाले, मरंल की आपसूक,
आपण कशाला सुईचं पाप घ्यायचं?
आपसूक म्हणजे किती दिवस, मामा?
ते काय आपल्या हातात हाय, म्हणाले,
आणि नाकाला रुमाल लावून गेले.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे
मी वाचत गेले, डॉक्टर लिहीत गेले.
कागदावर छापील होतं, दयामरण.
एवढा मोठा शब्द आमच्या गोठ्यात
याआधी कधी आला नव्हता.
आम्ही तिला नुसतं चौदा नंबर म्हणायचो.

महापुरात ही आठ महिन्यांची कालवड.
भिलवडीत पाणी पायरी-पायरीनं वर यायला लागलं
तेव्हा पहिली हीच जिना चढली, आपण होऊन,
मागून बाकीच्या.
चार दिवस गच्चीवर सगळे,
टाकीचं पाणी मापून पीत.
पाणी ओसरल्यावर कळलं,
गाय जिना चढते, उतरत नाही.
कडेला येते, थरथरते, मागं सरते.
शेवटी माझा स्कार्फ तिच्या डोळ्यांवर बांधला.
हैबती मागं शेपूट धरून,
मी पुढं, तिचं तोंड छातीशी धरून, उलट्या पावलांनी.
हं. अजून एक.
हं.

मुजावर म्हणाले, आधी गुंगीचं देतो. मग दुसरं.
तिला कळणार नाही.
डोकं कोण धरतंय?

मी मांडी घातली.
पलीकडे संध्याकाळची धार चालू होती,
मशीनचा टकटक ठेका.
ती रवंथ करत होती. नऊ दिवसांत त्यात खंड नव्हता.
पहिल्या सुईनं जबडा सावकाश झाला.
दुसरीच्या वेळी मी स्कार्फ सोडून
तिच्या डोळ्यांवर टाकला,
आणि तोंडातून निघून गेलं,
हं. अजून एक.

डॉक्टरांनी बुबुळाला बोट लावून पाहिलं,
छातीशी नळी लावून बराच वेळ ऐकलं,
घड्याळ बघितलं.
हैबतीनं तिच्या गालातला अर्धा चघळलेला घास
बोटानं बाहेर काढला,
आणि कुठं ठेवावा ते न कळून
मुठीत धरून उभा राहिला,
जेसीबी येईपर्यंत.

रात्री दोनचा गजर झाला.
बंद करायचा राहून गेला होता.
बॅटरी घेऊन गोठ्यात गेले.
तिचं वासरू धडपडत उठलं, दूध आलं असं वाटून.
कोबा कोरडा होता.
तरी मी चप्पल काढली,
आणि अनवाणी पाय
पुन्हा पुन्हा घासून बघितला.