दोन घड्याळांचं बेट

गोझो एवढंसं, की वेन्झूची मिनीबस
तिसऱ्या गिअरला येईस्तोवर गाव संपतं.
सकाळच्या बोटीने उतरलेले आम्ही नऊजण,
गळ्यात कॅमेरे, नाकावर पांढरं मलम.

"ही देवळं राक्षसिणीने बांधली," वेन्झू सांगतो,
"खांद्यावर पोर, ओच्यात पावटे."
आणि आरशात बघतो
कोण हसतं, कोण लिहून घेतं.

चर्चवर घड्याळं दोन. एक खरं,
दुसरं सैतानाला चकवायला.
बस कुठल्या घड्याळावर चालते, हे विचारायचं नसतं.

मिठागरात त्याची मावशी ग्रेझ्या
खराट्याने समुद्र गोळा करते आहे.
पिशवीला दोन युरो. उधारी नाही. फोटो फुकट.

मग कड्याच्या टोकाशी बस थांबते.
"इथे दगडाची कमान होती. वादळात गेली.
हिच्याखालून बापाची होडी जायची."
हात उंच करून तो हवेत वाक काढतो,
अगदी सावकाश, पार पाण्यात टेकेपर्यंत,
आणि आम्ही नऊच्या नऊ
त्या रिकाम्या जागेचे फोटो काढतो.

परतताना वळणावर एक पिवळं घर,
हिरवा सज्जा, अंगणात नवाकोरा तरणतलाव,
फाटकावर भाड्याची पाटी.
इथे वेन्झू काही सांगत नाही.
बस नुसती हळू करतो,
खिडकीतून हात काढून
कुंपणावर ओणवलेली कॅरोबची शेंग तोडतो
आणि मागे देतो:
"खाऊन बघा. झाड आमचं आहे."