डावा बॅक

काल फेरीत कुणी कुणाशी बोललं नाही.
मागे लोटलीत त्यांचे फटाके चालले होते
आणि आमची पोरं मोटारसायकलींच्या मधल्या फटीत
बूट काढून बसली होती.
रासयहून दुर्भाट म्हणजे किती, पाच मिनिटं.
काल नदी रुंद झाली होती.

आज सकाळी पावलूच्या दुकानात
सोड्याची बुचं टेबलावर मांडून
सगळ्यांनी मॅच पुन्हा खेळून पाहिली.
चार मागे, चार मध्ये, दोन पुढे.
लिमलेटचं केशरी बूच म्हणजे आग्नेल.
सगळ्यांची बोटं त्याच्यावरच.

"छत्तीस वर्षांचा माणूस फायनलला?"
असं उपासो म्हणाला, ज्याने क्लबाची वर्गणीसुद्धा
कधी एका हप्त्यात दिलेली नाही.
"आणि सगुण बाकावर! सतरा वर्षांचा पोर!"
"आग्नेल गुरुवारी बोटीवर चाललाय ना,
मास्तरांनी निरोपसमारंभ उरकला."
हसले सगळे. मीही हसलो.

मी बोललो नाही, की सत्तर मिनिटांत
आग्नेलच्या बाजूने एकही क्रॉस आला नाही.
त्यांचा तो तांबडे केस रंगवलेला विंगर
पुन्हा पुन्हा यायचा आणि परत फिरायचा,
फाटक लावलेलं बघून गाय वळते तसा.
आग्नेल फारसा धावतही नव्हता.
बॉल जिथे यायचा
तिथे हा आधीपासून उभा,
बसची वाट बघत असल्यासारखा.

त्याला बाहेर मी काढलं.
एक-एक होतं, आणि मला जिंकायचं होतं
जादा वेळेच्या आधी,
पेनल्टीच्या आधी
(पेनल्टी मला बघवत नाहीत, हे कुणाला ठाऊक नाही).
सगुणला म्हटलं, वर चढ.
तो चढला.
मी सांगितलं तेवढा, आणि वर दहा पावलं,
सतराव्या वर्षी जी आपोआप पडतात ती.
मागे जी जागा उरली
तिच्यात देवळासकट अर्धा वाडा मावला असता.
तांबड्या केसांचा एकटाच आत शिरला.
घाईसुद्धा केली नाही त्याने.

"मग मास्तर, चूक कुणाची?" पावलूने विचारलं.
मी केशरी बूच उचललं.
"आग्नेलला घ्यायलाच नको होतं."

किती सोपं वाक्य.
टेबल एकदम शांत झालं,
दुखरा दात एकदाचा सापडावा तसं.
मी हिशेब केला होता:
आग्नेल आठ महिने कुठल्याशा समुद्रावर
भांडारात पोती मोजत असेल,
तिथवर दुर्भाटच्या शिव्या पोचत नाहीत.
सगुणला रोज याच टेबलावरून
कॉलेजला जायचंय.
हिशेब बरोबर होता.
त्यात माझं नाव कुठेच नव्हतं,
हे घरी आल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी आग्नेल आला.
तीन नंबरची जर्सी, धुतलेली, इस्त्री केलेली,
सालाझारच्या काळातल्या दस्तऐवजासारखी
दोन्ही हातांत धरून.
पावलूकडचं त्याला कळलं होतंच;
इथे धक्क्यावर टाकलेला शब्द
वरच्या वाड्यावर आधी पोचतो.
त्याबद्दल तो काही बोलला नाही.
गुडघ्याचं तेल सगुणला दिलंय म्हणाला.
नेटच्या डाव्या कोपऱ्याला भोक आहे म्हणाला.

मग म्हणाला,
"पाय दुखत नव्हता माझा."
तक्रार नव्हती ती.
वहीत नोंद करावी तसं.
मी म्हटलं, "दिसत होतं."

पुढे काही सुचेना,
म्हणून दोघं कुंपणाशी उभे राहून
खाली येणारी फेरी बघू लागलो.
ओहोटी होती. फेरी धक्क्याच्या बरीच वर गेली,
चुकली असं वाटावं इतकी,
आणि तिरकी सरकत खाली यायला लागली.
मला वाटलं अजून वेळ आहे.

"आता," आग्नेल म्हणाला,
आणि खलाशाने दोर टाकला.