सदतीस पट्टे

जांभळी नाक्याच्या लोकरवाल्याने सुया कागदात गुंडाळल्या
आणि विचारलं, "मे महिन्यात मफलर? कुणी आजारी आहे का?"
नाही हो, म्हटलं, भाऊ पन्नाशीचा होतोय.
तेवढ्याने त्याचं समाधान झालं नसावं,
पण दुसरं गिऱ्हाईक आलं.

साधा मफलर नाही हा. नऊ फूट लांब,
सदतीस आडवे पट्टे, काही बोटभर, काही वीतभर,
टोकांना झुपके, त्यातला एक तुटका.
(तुटकाच करायचा. मुद्दाम.)
हा गळ्यात टाकून तारमास्तर
दर गुरुवारी रात्री साडेआठला
धुक्यातल्या ऑफिसात शिरायचा
आणि कडकट्ट कडकट्ट करत
डोंगरापलीकडच्या कुणाचं तरी मरण थांबवायचा.
तेरा भाग झाले. मग मालिकाच थांबली.

कळव्याला, परुळेकरांच्या टीव्हीसमोर, आम्ही फरशीवर.
जाहिराती लागल्या की काकू पंखा बंद करायच्या.
उन्मेष दहा वर्षांचा. गणिताच्या वहीत मागच्या पानावर
पट्टे उतरवून घ्यायचा:
बारीक, जाड, बारीक, बारीक.
ही तारेची भाषा आहे, टिंब आणि रेघ,
कुणाला तरी निरोप चाललाय, म्हणायचा.
आणि मग, अगदी हळू: बहुतेक आपल्याला.

नौपाड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे
कॅसेटी निघाल्या, बुरशी आलेल्या.
चित्र थांबवून, नाक काचेला टेकवून मी मोजत बसले.
चौथ्या भागात पस्तीसच भरतात.
नवव्यात सदतीस.
म्हणजे मधे कुणीतरी तो धुतला, तो आटला,
आणि कुणीतरी दोन पट्टे जोडून वेळ भागवली.
टिंब-रेघांचा तक्ता आणून लावूनही पाहिला.
निरोप बिरोप काही नाही.
कपडेपटातली कुणी बाई
उरलीसुरली लोकर संपवत होती.
हे मी त्याला मरेपर्यंत सांगणार नाही.

रंग मात्र होते! शेवाळी, विटकरी, हळदी,
आणि एक जांभळा, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा,
जो आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.
शेवटी माझा बी.एड.च्या वेळचा स्वेटर उसवला.
त्याच्या बाहीत एक बसचं तिकीट निघालं.
ते कुठलं, हे मला आठवेना.

कोपरखैरण्यात, चौथ्या मजल्यावर, उन्हाळ्यात विणणं म्हणजे
मांडीवर मांजर घेऊन चुलीपुढे बसणं.
लोकर घामाला चिकटते.
पंखा लावावा तर सुटे धागे नाकात.
दोन सुलट, दोन उलट, चष्मा पुसा, पुन्हा दोन सुलट.
बाविसाव्या पट्ट्याला ट्रान्सफॉर्मर उडाला.
अंधारात हात थांबवला नाही, आणि दिवे आले तेव्हा
चार ओळी जास्त झाल्या होत्या.
उसवायला हव्या होत्या. नाही उसवल्या.

उन्मेष महापेला सर्व्हरच्या खोलीत रात्रपाळी करतो.
तिथे बारा महिने अठरा अंश.
आख्ख्या नवी मुंबईत लोकरीचा उपयोग असलेली
तेवढीच एक जागा असेल.
गेटवर वॉचमनने पिशवी उघडून
हातभर बाहेर काढला, अजून हातभर,
मग कंटाळून परत कोंबला.

उन्मेष खाली आला. उलगडून पाहिला.
बराच वेळ पाहिला.
"हा रंगीत होता?"

माझ्या पोटात गोळाच आला. दोन महिने, दोन महिने,
आणि परुळेकरांचा टीव्ही काळा-पांढरा होता
हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्याने मफलर बाकावर पसरला, मोबाइलवर फोटो काढला,
अंगठ्याने रंग सावकाश पुसत नेला,
शेवाळी गेला, हळदी गेला, माझा स्वेटर गेला,
राखी राहिला.
मग हात लांब करून, डोळे बारीक करून म्हणाला,
"ताई. हाच."

आणि लगेच मोजायला लागला, ओठ हलवत,
बोटाने एकेक पट्टा:
बारीक, जाड, बारीक, बारीक.
बाविसाव्यावर बोट थांबलं.

मी वॉचमनला वेळ विचारली.