इतिवृत्तात दुरुस्ती

बैठक पहिली. शाळेचं जिम. बॅफिन बेटाचा किनारा.
मार्चची सतरा, बाहेर उणे एकतीस.
हजर: सव्वीस माणसं,
आयांच्या पाठीवरच्या टोपड्यांत चार तान्ही,
मी, आणि नळीत गुंडाळलेले माझे नकाशे.

मी विचारलं, दारं रस्त्याकडे चालतील ना?
कोणी बोललं नाही.
विचारलं, बैठक आणि स्वयंपाकघर एकच,
मधोमध ओटा, बेटासारखा?
कोणी बोललं नाही.
चहा झाला. बिस्किटं संपली.
मौन म्हणजे होकार, हे मला घरूनच शिकवलेलं.
रात्री टाइप केलं:
सर्व मुद्दे मांडले. कोणाचीही हरकत नाही.

सकाळी ते मिआलीनं वाचलं
(दुभाषी तीच, दुकानात गल्ल्यावरही तीच)
आणि इतकी हसली की खोक्यावर बसावं लागलं.
अरे, सगळे ओरडत होते की तुझ्यावर!
मग दाखवलं:
भुवया वर गेल्या, की हो.
नाक मुरडलं, की नाही.
एवढंच. थंडीत तोंड कशाला वाया घालवायचं?

सव्वीस नाकं.
मी एकेक आठवत राहिलो.
मला वाटलं होतं, जिममध्ये कसला तरी वास येतोय.

उलायुकचं घर आमच्याच ऑफिसनं काढलेलं,
माझ्या जन्माआधी.
फ्रिजचं खोकं फाडून तिनं जमिनीवर पसरलं होतं,
त्यावर सील, अजून वाफाळतं.
पाय सरळ पुढे टाकून ती बसलेली,
हातात अर्धचंद्राची सुरी, उलू.
पाठ शेगडीच्या दाराला टेकलेली,
टाचा भिंतीला,
आणि सीलचं डोकं बाथरूमच्या उंबऱ्यावर.
नातू तिच्यावरून उडी मारून शाळेला गेला.
चाळीस वर्षं ही बाई
आमच्या एका रेघेत अंग चोरून बसते आहे.

तिनं मला या म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.
पुढचा पर माझ्या हातात दिला: धर.
धरला. निसटला. पुन्हा धरला.
काळजाचा तुकडा मिळाला, कच्चा. खाल्ला.
मग रक्ताच्याच हातानं तिनं
माझ्या खिशातली टेप ओढून काढली,
खोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि अजून थोडी, बहिणी येतात म्हणून,
आणि अजून, पोरांनी बघायला हवं म्हणून.

बाहेर जुसिपीनं बुटाच्या टोकानं वारा काढला.
बर्फावरच्या कडक लाटा दाखवल्या, सगळ्या एका अंगाला झुकलेल्या.
तो इथून येतो. थकतो तिथे. थकला की ओझं टाकतो.
त्यानं माझी दारं मोजली. आठच्या आठ
ओझ्याखाली.
शाळेचंही तसंच, तो म्हणाला,
दर वादळात दार पुरतं, पोरं त्याला सुट्टी म्हणतात.

बैठक दुसरी. नळी आणली नाही.
कोरा कागद, खडू, आणि बिस्किटं दुप्पट.
कोणी तरी ते बेट पुसून टाकलं.
कोणी मांस टांगायला थंड ओसरी काढली, घराएवढीच मोठी.
दोघं भांडले ओसरीवरून, मला न विचारता.
वरच्या ऑफिसचा फोन आला: बजेटचं काय?
मी नाक मुरडलं.
फोनवर ते ऐकू जात नाही.

ऑगस्टमध्ये जहाज येईल.
अर्ध्या खिडक्या जुन्याच यादीतल्या असतील, हे मला माहीत आहे,
जुसिपीलाही. त्यानं विचारलं, मग तू कोणाचा माणूस?
याचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.

दुरुस्ती:
पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तातून
‘कोणाचीही हरकत नाही’ हे वाक्य वगळावं.
त्या जागी वाचावं: हरकती सव्वीस.
लिहून घेणारा निरक्षर होता.

सूचक, उलायुक.
अनुमोदक,
टोपड्यातलं एक तान्हं, बोलायला अजून वर्ष आहे,
माझ्याकडे बघत
भुवया वर.

टेपवर दोनशे चाळीसपाशी
एक तपकिरी डाग आहे.
मी तो पुसलेला नाही.