मागची भिंत, कन्नमवार नगर

डक्टमधल्या पिंपळाची ही चौथी खेप.
कोयता झाला, ॲसिड झालं,
करंगुटकर म्हणाले, हिंग भरा बुंध्यात.
भरला. आठवडाभर मागच्या जिन्याला
फोडणीचा वास.

श्रावणात पुन्हा दोन पानं,
तांबूस, ओली, कानाच्या पाळीएवढी.

आज सत्तार दोरावर लटकून
ड्रिलनं विटेत शिरला.
मूळ निघता निघेना.
आमच्या मोरीखालून रेग्यांच्या बंद खोलीपर्यंत
वेणीसारखं गुंफत गेलेलं.
चार वर्षं त्या घरात कुणी नळ उघडलेला नाही,
तरी पाइप ओला.

"सेक्रेटरीसाहेब, भिंत यानंच धरून ठेवलीय,"
तो वरून ओरडला, "काढू, का राहू दे?"

मीटिंगच्या वहीत मी
तेवढीच ओळ मोकळी सोडली.