अट क्रमांक अकरा

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या शाखेत
ती फाइल आली तेव्हा मे चालू होता.
कूलरमधला वाळा वाळून गेला होता
आणि तेजराम नंदनवार, राहणार गोळीबार चौक,
घामानं मऊ झालेला अर्ज दोन्ही हातांत धरून उभा.
विषय: आभासी चलनाचे रोकड यंत्र बसविण्यास
परवानगी मिळणेबाबत.

"म्हणजे एटीएम?"
"उलटं एटीएम, मॅडम. पैसे आत जातात."
"अन् बाहेर काय येते?"
"पावती," तो म्हणाला. मग जरा थांबून,
"अन् भरोसा."

भरोशासाठी आमच्याकडे रकाना नाही.
गोदामासाठी आहे, फटाक्यांसाठी आहे,
उसाच्या रसाच्या गाडीसाठीसुद्धा आहे.
बँक म्हणावं, तर विषय आमचा नाही.
दुकान म्हणावं, तर माल कुठे?
साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला:
पूर्वोदाहरण शोधून सादर करावे.

तीन दिवस कपाट उपसलं.
कसरीनं खाल्लेल्या नियमावलीत एकच सापडलं,
'नाणे टाकून चालणारी यंत्रे',
आणि त्याखाली एकुलती एक नोंद:
स्टेशनवरचा वजनकाटा.
त्याचे लाल दिवे फिरायचे, पोटात काहीतरी खडखडायचं,
पुठ्ठ्याच्या तिकिटावर एका बाजूला किलो,
दुसऱ्या बाजूला भविष्य.
मला सातवीत निघालं होतं, 'लवकरच मोठे पद मिळेल.'
टेबल चारचा एक पाय आखूड आहे.
ते तिकीट जपलं असतं तर खाली बसलं असतं.

वजनकाट्यावरून मी दहा अटी बेतल्या.
फलक मराठीत. ओळखपत्राची प्रत. कॅमेरा.
दिवसाची मर्यादा. वाळूची बादली.
दर ठळक अक्षरांत लावावा.
"दर तर मिनिटाला बदलते," तेजराम म्हणाला.
"मग मिनिटाला लिहा," साहेब म्हणाले.

दर मंगळवारी तो यायचा.
बापाचे दोन माग विकून त्यानं मशीन घेतली होती,
माग वजनावर गेले, लोखंडाच्या भावात,
आणि मशीन आईच्या जुन्या पातळाखाली
गोषातल्या बाईसारखी उभी होती एप्रिलपासून.
"काय झालं मॅडम, माह्या अर्जाचं?"
"वर गेला आहे."
छताकडे बघायचा. पंखा फिरत असायचा.

मग एकदा गुरुवारीच आला.
बसा म्हणायच्या आधी बसला.
काल भर दुपारी एक म्हातारा आला होता म्हणे,
हेडाऊ गुरुजी, कवायत शिकवायचे,
फोन कानाला, संत्रा बर्फीच्या पिशवीत चार लाख.
पातळ त्यांनीच ओढून काढलं.
'चालू कर पोरा. अर्ध्या तासात अटक होते मले.'
'कोण म्हणते?'
'साहेब. हे काय, फोनवर आहेत.'
"मी म्हटलं, गुरुजी, लायसन नाही आलं, मशीन बंद आहे.
त्यांनी फोनवर तसंच सांगितलं, सावधानमध्ये उभं राहून.
तिकडून आईवरून शिवी आली.
फोन खाली घेऊन मला विचारते म्हातारा,
साहेब लोक शिवी देतात का रे?
मी म्हटलं, खरे नाही देत.
खरे, उद्या या म्हणतात."

मी हसले नाही. तोही नाही.
"सोमवारी लायसन आलं असतं, मॅडम, तर..."
पुढचं वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं,
पेपरवेट ठेवायची गरज नव्हती.

तो गेल्यावर मी अकरावी अट लिहिली:
यंत्राशेजारी दिवसभर एक जिवंत माणूस बसवावा.
पैसे टाकण्यापूर्वी त्याने प्रत्येकाला विचारावे,
फोनवर कोण आहे?

फाइल परत आली.
हिरव्या शाईत: 'जिवंत' शब्द अनावश्यक. वगळावा.

मी वगळला नाही.
फाइल पुन्हा वर गेली आहे.
तेजरामनं तोवर एक स्टूल आणून ठेवलंय म्हणे,
आणि बंद मशीनशेजारी
बसून बघतो अधूनमधून.