बर्फ वजा

बंदरावरच्या वजनकाट्यावर माझी नोकरी.
बोट लागते, टब उतरतात,
मी आकडा वाचते आणि त्यातून बर्फ वजा करते.
तोर्वी दर वेळी कुरकुरतो, जास्त कापलंस.
मी म्हणते, पाणी विकायचं तर बाटलीत भर.

शनिवारी मतदान आहे:
युनियनमध्ये जायचं की नाही.
लिलावाच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलंय, मासा आपला.
खाली दुसऱ्या हस्ताक्षरात: आणि कर्ज?

तोर्वीचं ठरलंय. आपली चूल आपली.
एकदा त्या मोठ्या घरात नांदायला गेलो
की मीठ किती घालायचं तेही ब्रसेल्सला विचारा.
त्याच्या बोटीचं इंजिन जर्मन,
जाळं लिथुआनियात विणलेलं,
डेकवरची दोन्ही पोरं ग्दान्स्ककडची,
शिव्या तेवढ्या इथल्या.
हे मी त्याला बोलले नाही.
वजन करणाऱ्यानं बोलू नये.

ह्रेप्ना रात्री राजधानीतून फोन करते.
आई, त्यांचे निम्मे कायदे आपण पाळतोच की,
फक्त पंगतीला बसत नाही.
दारात उभं राहून जेवायचं,
आणि वाढप्याला हाक मारायची सोय नाही.
सात वर्षं घराचा हप्ता भरतेय ती,
मुद्दल वाढतंच आहे.
क्रोनाला शिंक आली की तिच्या घराला ताप चढतो.

बाबा वृद्धाश्रमात. सत्त्याऐंशी.
सत्तरच्या दशकात गस्तीच्या जहाजावर होते,
परक्या ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापायचे.
त्यातलाच वीतभर पोलादी तुकडा
खिडकीत ठेवलाय, कुंडीशेजारी.
आता हात थरथरतात,
ताटातल्या माशाचे काटे ग्राझिना काढते.
एकेक काटा, बशीच्या कडेला, ओळीनं.

ग्राझिना, तुला काय वाटतं?
मला मत नाही, ती म्हणाली.
आमच्याकडे विचारलं तेव्हा मी शाळेत होते.
वडिलांनी हो म्हटलं.
रस्ता झाला, दवाखाना झाला,
मग त्याच रस्त्यानं आम्ही तिघी बहिणी निघून आलो.
आई लिहिते, घराला नवा रंग दिलाय.
बघायला कोण आहे, ते नाही लिहीत.
बाबांनी तोंड उघडलं. तिनं घास दिला.

गुरुवारी काटा तपासणारा आला,
गाडीत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं घेऊन.
एकेक चढवलं, उतरवलं, नाक पुसलं,
माझ्या काट्यावर नवं स्टिकर चिकटवलं,
त्यांच्या अक्षरांचं.
म्हणजे इतकी वर्षं आपला मासा
त्यांच्या मापानं मोजतेय मी?
मी विचारलं, हा किलो मूळचा कुठला?
पूर्वी पॅरिसजवळ कपाटात होता, तो म्हणाला,
आता कुठलाच नाही. नुसता आकडा आहे, सगळ्यांचा.
आणि कॉफी आहे का, म्हणाला.

शनिवार. शाळेची व्यायामशाळा.
पडद्यामागे दोरीला बांधलेली पेन्सिल.
ती का बांधतात? कोण पळवणार आहे?

लहानपणी बाबा धक्क्यावर न्यायचे,
तेव्हा जुना काटा होता, सुईचा.
वाऱ्यात सुई थरथरायची,
मी बोटानं धरायला जायचे,
ते हातावर चापट मारायचे.
धरलीस तर तुझंच वजन दाखवेल.
काल त्यांना विचारलं, बाबा, काय करू?
त्यांनी त्या पोलादी तुकड्याकडे पाहिलं,
मग ग्राझिनाच्या हाताकडे,
आणि म्हणाले, बटाटे थंड झालेत.

मागे रांगेत तोर्वी खोकतोय.
खोकू दे.
मी अजून बर्फ वजा करतेय.